फोरट्रानचा पाऊस, पायथनचा नकाशा

अक्कलकोट तालुका पर्जन्यछायेत येतो. जून उजाडला की चपळगाव, वागदरी, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्यात उडदा-तुरीची पेरणी पावसाच्या अंदाजावर अडून राहते, आणि पुढे कुरनूरच्या धरणात पाणी किती आलं याची चौकशी घराघरांत होते. त्या काळात मोबाइलवर येणारा ‘येत्या दोन दिवसांत मध्यम पाऊस’ हा निरोप वाचताना तो कुठून कुठून प्रवास करत आला, याचा विचार कुणी करत नाही. या प्रकरणात आपण तो प्रवास पाहणार आहोत. त्यातला सर्वांत नाजूक टप्पा ढगांत नसतो. एका प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं काम दुसऱ्या भाषेतून बोलावून घेतलं जातं, तिथे तो असतो.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे; सगळे तिला आयआयटीएम म्हणतात. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ तिथे घडली. पृथ्वीभोवतीच्या वातावरणावर एक काल्पनिक जाळी टाकायची आणि जाळीच्या प्रत्येक घरातला वारा, दाब, तापमान, बाष्प पुढच्या काही मिनिटांत कसं बदलेल याचं गणित करायचं, मग त्यापुढच्या काही मिनिटांचं, असं दहा दिवस पुढेपर्यंत जायचं. आधीच्या प्रणालीत जाळीचं घर साधारण १२ किलोमीटरचं होतं, आता ते ६ किलोमीटरवर आलं. म्हणजे पूर्वी १४४ चौरस किलोमीटरला मिळून एक आकडा मिळायचा, तो आता ३६ चौरस किलोमीटरला मिळतो. हे गणित ‘अर्क’ नावाच्या महासंगणकावर चालतं आणि त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. सेकंदाला एक कोटी अब्जांहूनही अधिक आकडेमोडी.

या प्रणालीची मुळं अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलमध्ये आहेत, आणि ते मॉडेल फोरट्रानमध्ये लिहिलेलं आहे. फोरट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केली. जगातली बहुतेक मोठी हवामान मॉडेलं आजही याच भाषेत चालतात. संशोधक आणि विद्यार्थी ज्यावर हात बसवतात ते डब्ल्यूआरएफ हे मॉडेलसुद्धा त्यातच आहे. पण मॉडेलमधून बाहेर पडलेल्या आकड्यांचे नकाशे काढायचे, तालुकावार सरासऱ्या काढायच्या, मागच्या वर्षांशी तुलना करायची, ही कामं आज बहुतांशी पायथनमध्ये होतात. पायथन १९९१ साली आली. ती शिकायला सोपी आहे आणि तिच्यात चित्रं काढण्याची, तक्ते हाताळण्याची साधनं भरपूर आहेत. मात्र कोट्यवधी आकड्यांवर एकेक करून फिरायची वेळ आली की ती फार हळू चालते.

मग फोरट्रानमधलं सगळं पायथनमध्ये किंवा आणखी एखाद्या नव्या भाषेत लिहून का काढत नाहीत? हा प्रश्न तरुण प्रोग्रामर हमखास विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: चाळीस-पन्नास वर्षं तपासलेलं, हजारो लोकांनी वापरून दुरुस्त केलेलं गणित नव्याने लिहिणं ही बहुतेक वेळा उधळपट्टी असते. त्या जुन्या ओळींमध्ये अनुभव साठलेला असतो. शून्याने भागाकार कुठे होऊ शकतो, अतिथंड ढगात कोणतं समीकरण तुटतं, हे कुणीतरी कधीतरी ठेच खाऊन शिकलेलं असतं. हा अनुभव जपायचा तर जुनं काम जागेवर ठेवून त्याला नव्या भाषेतून हाक मारता आली पाहिजे.

याचं एक चांगलं उदाहरण हवामानशास्त्रातच आहे. अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेची एनसीएल नावाची एक खास भाषा होती. डब्ल्यूआरएफचे निकाल तपासायला जगभरचे विद्यार्थी तीच वापरत. २०१९ मध्ये संस्थेने तिचा पुढचा विकास थांबवला आणि पायथनची वाट धरली. तेव्हा वादळाची ऊर्जा, सापेक्ष आर्द्रता, हवेचा दाब समुद्रसपाटीला आणून मोजणं अशी जी फोरट्रान सबरुटिन्स एनसीएलच्या पोटात होती, ती फेकून दिली गेली नाहीत. डब्ल्यूआरएफ-पायथन नावाच्या पॅकेजमध्ये त्यांना पायथनचं दार बसवलं. आतलं गणित फोरट्राननेच करायचं, विद्यार्थ्याला दिसते ती पायथनची एक ओळ.

हे दार बसवणाऱ्या साधनाचं नाव एफटूपाय. एस्टोनियाच्या पेअरू पीटरसन यांनी ते लिहायला घेतलं ते १९९९ च्या सुमारास. आज ते नमपाय या पॅकेजसोबतच मिळतं. फोरट्रानची फाइल त्याच्यासमोर ठेवली की ते सबरुटीनची सही वाचतं, म्हणजे नाव काय, किती गोष्टी आत जातात, किती बाहेर येतात, कोणत्या प्रकारच्या. त्यावरून ते सी भाषेतला एक मधला तुकडा आपणच लिहितं. या तुकड्याला रॅपर म्हणतात.

इथे सी कुठून आली? पायथनचा नेहमीच्या वापरातला अवतार स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे. लिनक्स, विंडोज यांसारख्या यंत्रणाही आपली दारं सीच्या पद्धतीनेच उघडतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी केलेली ही भाषा आज भाषांमधल्या सरहद्दीवरची सर्वमान्य पद्धत होऊन बसली आहे. रस्ट, जावा, जुलिया, गो कुणीही घ्या. परक्या भाषेशी बोलायचं तर पुष्कळदा सीच्या नियमांनीच बोलायचं. जावाने यासाठीची नवी सोय २०२४ च्या मार्चमध्ये बाविसाव्या आवृत्तीत कायम केली, तीही सीच्या नियमांवरच उभी आहे.

प्रोसेसरला भाषा कळत नाहीत. त्याला फक्त सूचना आणि मेमरीतले पत्ते कळतात. त्यामुळे एका भाषेने दुसरीचं फंक्शन बोलावायचं म्हणजे काही ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या जागी ठेवून अमुक पत्त्यावर उडी मारायची. आपल्या साध्या ६४-बिट लिनक्स संगणकावर पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते सहा ठरलेल्या रजिस्टरांत जातात, दशांश संख्या वेगळ्या रजिस्टरांत. विंडोजवर हाच ठराव वेगळा आहे. मग नावाचा प्रश्न येतो. फोरट्रानमध्ये ‘पाऊस’ अशा नावाचं सबरुटीन लिहिलं, तर जीफोरट्रान हा कंपायलर त्याच्या नावाच्या शेवटी एक अधोरेखा जोडतो. सी++ त्याच नावात आत जाणाऱ्या गोष्टींचे प्रकारही गुंफून टाकतं. शिवाय फोरट्रान संख्या थेट घेत नाही, ती जिथे ठेवली आहे तो पत्ता मागते. सीमधून चुकून पत्त्याऐवजी १३५ ही संख्याच दिली, तर फोरट्रान १३५ ला पत्ता समजून तिथे वाचायला जाईल आणि प्रोग्राम जागच्या जागी मरेल. २००३ च्या फोरट्रान प्रमाणात सीशी जुळवून घेण्याची अधिकृत सोय आली, तेव्हा कुठे या गोष्टी कंपायलरच्या लहरीवरून कागदावरच्या नियमांवर आल्या.

प्रोग्राम मरतो ते एका परीने बरं, कारण चूक लगेच कळते. मला जास्त भीती वाटते ती न मरता खोटं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची. त्याचं उदाहरण अक्कलकोटवरच घालून पाहू.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने देशाच्या दैनंदिन पावसाचा जाळीवार संच तयार केला आहे. १९०१ पासूनचा पाऊस त्यात आहे आणि जाळी पाव अंशाची. अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत, म्हणजे १२९ ओळी; रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत, म्हणजे १३५ स्तंभ. रोजचे १७,४१५ आकडे, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, एकामागोमाग एक लिहिलेले. फाइलमध्ये ना गावाचं नाव ना अक्षांश. फक्त आकड्यांची रांग. पहिला आकडा नैऋत्येच्या कोपऱ्यातला, तिथून पूर्वेकडे सरकत जायचं, ओळ संपली की पाव अंश वर.

अक्कलकोट साधारण १७.५ उत्तर आणि ७६.२ पूर्व इथे आहे. त्याला सर्वांत जवळचा जाळीबिंदू १७.५ आणि ७६.२५. दक्षिणेकडून मोजलं तर ही पंचेचाळिसावी ओळ आणि पश्चिमेकडून चाळिसावा स्तंभ. फोरट्रानमध्ये मोजणी एकपासून होते आणि जो क्रमांक भराभर बदलतो तो आधी लिहितात, म्हणून तिथे अक्कलकोटचा पत्ता (४०, ४५). पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते आणि भराभर बदलणारा क्रमांक शेवटी येतो, म्हणून तिथे तोच पत्ता [४४, ३९]. दोन्ही हिशेब करून बघा: ४४ गुणिले १३५ अधिक ३९, म्हणजे ५,९७९. त्या दिवसाच्या रांगेतले ५,९७९ आकडे ओलांडले की अक्कलकोटचा पाऊस. मेमरीतला एक बाइटही हलला नाही, फक्त वाचण्याची रीत बदलली.

आता कुणी फोरट्रानचा पत्ता पायथनला देताना क्रम उलटवला, पण एक वजा करायला विसरला. [४५, ४०] म्हणजे १७.७५ उत्तर, ७६.५ पूर्व. हा बिंदू उमरग्याच्या बाजूला, जवळजवळ ३८ किलोमीटर ईशान्येला पडतो. दुसऱ्या कुणी एक वजा केला, पण क्रम उलटवायला विसरला. [३९, ४४] म्हणजे १६.२५ उत्तर, ७७.५ पूर्व: रायचूरचा परिसर. दोन्ही वेळा प्रोग्राम विनातक्रार चालेल. आकडे पावसाळ्यात मोठे आणि उन्हाळ्यात शून्य असे अगदी खरे वाटतील, कारण ते खरेच पाऊस आहेत, फक्त दुसऱ्या गावाचे. त्यावर कुणी अक्कलकोटच्या दुष्काळाचा आलेख काढला तर तो छापला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

क्रमाची ही अदलाबदल सांभाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आकडे खरोखर उचलून नव्या क्रमाने दुसरीकडे मांडायचे. होटगी-गदग मार्ग मीटरगेज होता तेव्हा ब्रॉडगेजचा माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. वेळ जाई, हमाल लागत आणि जागाही दुप्पट लागे. आकड्यांच्या नकलेचं तसंच आहे. समजा मॉडेलची जाळी ५०० गुणिले ५०० आणि उंचीचे ५० थर आहेत. म्हणजे एका क्षणाच्या एका घटकाचे सव्वा कोटी आकडे, ४ बाइटच्या हिशेबाने ५० मेगाबाइट. पायथनमधली दशांश संख्या सहसा ८ बाइटची असते. ४ बाइटवाल्या सबरुटीनला ८ बाइटचा संच दिला, तर एफटूपाय मुकाट्याने त्याची ४ बाइटची नक्कल करतं आणि ती आत पाठवतं. १०० मेगाबाइटशेजारी आणखी ५० आले. दर तासाच्या, दर घटकाच्या कामात हे घडत राहिलं तर संगणक गणितापेक्षा उचल-ठेवीतच दमतो. शिवाय सबरुटीनने आत जे बदल केले ते नकलेत होतात, मूळ संच तसाच राहतो. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा: दोन्हीकडे एकच मेमरी ठेवायची आणि निर्देशांक वाचण्याचा क्रम तेवढा उलटा समजायचा. डब्ल्यूआरएफच्या फाइली पायथनमधून वाचताना हेच होतं. फोरट्रानला जे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, उंची, वेळ असं दिसतं, ते पायथनला वेळ, उंची, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असं दिसतं. बाइट तेच.

सरहद्द ओलांडायलाही किंमत पडते. एका हाकेला लागणारा वेळ अगदी थोडा, पण सव्वा कोटी आकड्यांसाठी सव्वा कोटी हाका मारल्या तर फोरट्रानचा सगळा वेग त्यात बुडतो. म्हणून अख्खा संच एकदाच सोपवायचा, आतली फेरी फोरट्रानला करू द्यायची आणि निकाल एकदाच घ्यायचा. हे एवढं पाळलं तरी निम्मी लढाई जिंकली.

अलिखित ठरावावर विसंबून राहिलं की काय होतं, हे २०१९ मध्ये दिसलं. सीमध्ये मजकूर संपला हे सांगायला शेवटी शून्य बाइट असतो. फोरट्रानला मजकुराची लांबी वेगळी हवी असते, आणि ही लांबी ती प्रोग्रामरला न दाखवता मागच्या बाजूने घेते. लॅपॅक ही फोरट्रानमधली रेषीय बीजगणिताची लायब्ररी १९९२ पासून जगभर वापरात आहे. तिच्या अनेक सबरुटिन्सना ‘वरचा त्रिकोण की खालचा’ असं एका अक्षराने सांगावं लागतं. एकच अक्षर आहे, लांबी कशाला पाठवायची, असं समजून अनेक सी प्रोग्रामर ती लांबी गाळत आले होते. काम बिनबोभाट चालत होतं. पुढे जीफोरट्रानच्या नव्या आवृत्त्यांनी आणखी वेगासाठी मेमरीची एक क्लृप्ती लावली. त्यात ती न पाठवलेली लांबी ठेवायची जागा लिहिली जाऊ लागली, आणि बोलावणाऱ्याची दुसरीच माहिती पुसली जाऊ लागली. संख्याशास्त्राच्या आर या भाषेची काही पॅकेजेस त्यामुळे कोलमडली. नियमाने पाहिलं तर चूक लांबी गाळणाऱ्यांची होती. तरीही एवढा जुना कोड एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं, म्हणून कंपायलरमध्येच त्यासाठी एक खास पळवाट ठेवावी लागली.

मेमरीच्या मालकीचा प्रश्न यापेक्षा अवघड. पायथन प्रत्येक वस्तूला किती जण वापरत आहेत याची नोंद ठेवते. ती शून्यावर आली की वस्तू मोडून जागा मोकळी करते. पण फोरट्रानने एखाद्या संचाचा पत्ता स्वतःजवळ टिपून ठेवला, तर त्याची नोंद पायथनकडे नसते. पायथन जागा मोकळी करते, तिथे दुसरं काही येऊन बसतं, आणि नंतर फोरट्रान त्या पत्त्यावर जाऊन भलतंच वाचते किंवा लिहिते. ही चूक आज दिसते, उद्या दिसत नाही. म्हणून कोणती मेमरी कुणी घेतली, कोण सोडणार आणि तोवर कुणी हात लावायचा नाही, हे सरहद्दीवरच्या प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर लिहिलेलं असावं असं माझं ठाम मत आहे. कितीही छोटं फंक्शन असो.

इतकं सगळं जुळलं तरी अर्थ जुळायचा राहतो. आकडा योग्य जागेवरून योग्य प्रकारे आला, पण तो कशाचा? जीएफएससारखी मॉडेलं पाऊस ‘दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलो’ असा देतात. एका चौरस मीटरवर एक किलो पाणी पसरलं की थर एक मिलिमीटरचा होतो, म्हणून त्याला ८६,४०० ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. डब्ल्यूआरएफ मात्र मॉडेल सुरू झाल्यापासूनचा साठत गेलेला पाऊस देतं. आजचा हवा तर कालपर्यंतचा वजा करावा लागतो. हवामान विभागाच्या संचात जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत असा एकच आकडा सरासरीत शिरला, तर रोजची सरासरी ८ मिलिमीटरहून अधिक खाली जाते. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवलं ते याच जातीच्या चुकीने. एका प्रोग्रामने धक्क्याचं माप पाउंडात दिलं, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहे असं धरलं. कंपायलर सहसा अशी चूक पकडत नाही. ती माणसाने लिहून ठेवलेल्या माहितीनेच टळते.

अलीकडे वाहतूक उलट दिशेनेही सुरू झाली आहे. ढगांच्या पोटात जाळीच्या घरापेक्षा लहान आकारात जे घडतं ते समीकरणात बसवणं कठीण, म्हणून तेवढा भाग न्यूरल नेटवर्कला शिकवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. हे शिकवणं पायथनमध्ये होतं, पण वापर मात्र फोरट्रान मॉडेलच्या आत, प्रत्येक पायरीला करायचा असतो. केंब्रिज विद्यापीठातल्या एका गटाने त्यासाठी एफटॉर्च हे साधन केलं आहे. त्यात फोरट्रान सीच्या ठरावाने टॉर्च या सी++ लायब्ररीला थेट हाक मारते. शिकवून झालेलं नेटवर्क चालवताना पायथन मध्ये येतच नाही. सोलापूरसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला या कामाचं महत्त्व अधिक आहे, कारण इथला पाऊस थोड्या वेळात, थोड्या जागेवर पडून जातो. आयआयटीएमने मेघबीजनाचे प्रयोग करून पाहायला सोलापूरची निवड केली ती याच परिसराच्या ढगांसाठी.

अक्कलकोट, सोलापूर, तुळजापूर, उमरगा इथल्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. जीफोरट्रान, पायथन, नमपाय ही सगळी साधनं फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. हवामान विभागाचा पावसाचा संच पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो. एखाद्या वर्षाची फाइल घ्या, पावसाळ्याच्या दिवसांची बेरीज करणारं दहा-पंधरा ओळींचं फोरट्रान सबरुटीन लिहा, एफटूपायने त्याला पायथनचं दार बसवा आणि [४४, ३९] या बिंदूचा पाऊस काढा. मग तोच आकडा शुद्ध पायथनमध्ये काढून दोन्ही उत्तरं ताडून बघा. उणे ९९९ वगळायला विसरू नका. उत्तरं जुळली की शेजारचे बिंदू घ्या, १९०१ पासूनची वर्षं घ्या, आणि आपल्या तालुक्याच्या पावसाचा आलेख स्वतः तयार करा.